एक कप्पा जास्त

त्या उन्हाळ्यात आमचा सोफा शिक्षा झालेल्या पोरासारखा भिंतीला टेकून उभा होता, कारण त्याच्या जागेवर नवरा कायाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची चिंचोळी होडी, बांधत होता. प्लायवूडच्या लांब पट्ट्या कापायच्या, कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेनं त्या एकमेकींना टाचायच्या आणि मग सांधे रेझिननं, म्हणजे वाळून दगड होणाऱ्या गोंदानं, बुजवायचे, अशी ती पद्धत.

सासूबाई दारातून बघत होत्या. "होडी शिवतोयस? मग जरा सैल शीव. पोट सुटतंय तुझं."

"आई, यामागं शास्त्र आहे."

"असेल. माझी वाटी कुठंय?"

वाटीत रेझिन आणि लाकडाचा भुसा कालवला होता. तो आता वाटीचा कायमचा रहिवासी झाला होता.

मला वाटीचं काही नव्हतं. माझी काळजी वेगळीच होती. मला न विचारता नवऱ्यानं आमच्या चार वर्षांच्या लेकीला, भिंगरीला, कबूल केलं होतं, की पहिली फेरी तिची. झोपेत ती कुशीवर वळली तरी मी उठून तिचा श्वास बघते. तिला या फळकुटात बसवून तळ्यात सोडू? पण सरळ नाही म्हटलं असतं तर घरातली खाष्ट बाई मीच ठरले असते. म्हणून मी शिकलेल्या बाईसारखी वागले. अटी घातल्या.

"पाणी शिरलं तर?"

"पुढं-मागं हवाबंद कप्पे आहेत. बुडणार नाही."

"पुढचा फारच चिंचोळा दिसतोय."

त्यानं कप्प्याची आडवी फळी मागं, बसायच्या जागेकडं सरकवली. काही दिवसांनी मी त्या फळीला लागून आणखी एक कप्पा मागितला. मग दोन्ही बाजूंना फोम. सगळं मान्य केलं की बायकोकडची कारणं संपतील, हे त्याचं गणित. कंटाळून तो होडी सोडेल आणि सोफा पुन्हा आडवा करेल, हे माझं. शेवटची अट मी राखून ठेवली होती. भिंगरी बसण्याआधी होडी मुद्दाम उलटी करून दाखवायची.

"दाखवतो की," तो म्हणाला.

आज रेझिन ओलं, उद्या रंग ओला, त्यामुळे आत कुणी बसून पाहिलंच नाही. होडी आम्ही रोज मोजली. नवऱ्याला कुणी मोजलं नाही.

तळ्याच्या काठावर तो होडीत बसला, म्हणजे बसायला गेला. गुडघे हनुवटीला लागले आणि तिथंच अडले.

"पाय लांब कर की," सासूबाई म्हणाल्या.

"फळी आहे पुढं."

"मग काढ ती."

"चिकटवलीय, आई. ती आता प्रलयातही निघायची नाही."

"बायकोनं तुझ्याकडून होडी नाही, कपाट करून घेतलंय."

मला आतून उकळ्या फुटल्या. सुटलो एकदाचे. पण भिंगरी रडली नाही, हट्टही केला नाही. ती गुपचूप आपल्या लाइफ जाकिटाचं बक्कल सोडायला लागली. ते मला बघवेना.

नवरा माझ्या पायांकडे बघत होता. "तू बसशील यात."

"मला धड पोहता येत नाही."

"पाणी छातीइतकं आहे. आणि जाकीट आहे."

"आणि ती उलटी करायची भानगड?"

"अट कुणाची होती?" सासूबाईंनी विचारलं.

मी बसले. थोडी आत गेले, डोळे मिटले आणि एका बाजूला कलले. नाकातोंडात पाणी गेलं. त्या हिरव्या काळोखात मला फक्त एवढंच आठवलं, की गॅस बंद केलाय का? मग पायाला चिखल लागला. वर आले तर होडी शेजारीच पालथी, निर्लज्जासारखी तरंगत होती. मी तिच्यावर रेलले. दोन्ही हातांनी दाबली. कुणी बघत नाहीसं वाटून एक लाथही घातली. बुडेना.

काठावर आणून नवऱ्यानं ती रिकामी केली.

"आता मी?" भिंगरीनं विचारलं.

मी नवी अट शोधली. एकही उरली नव्हती. सगळ्या त्यानं आत चिकटवून टाकल्या होत्या. मी पुन्हा बसले, तिला पुढ्यात घेतलं आणि तिच्या जाकिटाचं बक्कल ओढून बघितलं.

नवऱ्यानं मागचं टोक धरून ठेवलं होतं. "काठाकाठानं जा हं. खोलात नको. आणि ती हलली तर..."

"सोड," मी म्हटलं.

"अगं, दोरी तरी बांधू दे."

"सोड रे," सासूबाई म्हणाल्या. "कप्पे तिचे, फेरी पोरीची. तुझं काय आहे त्यात?"