शहात्तर सालचा ट्रान्झिस्टर

शालनकाकूच्या पंच्याहत्तरीला केक कापून मोकळं व्हावं, असं घरातल्या सगळ्यांचं मत होतं. मी ऐकते थोडीच! ठाकुर्लीच्या हॉलमध्ये मोठा बॅनर लावायचा, एका बाजूला देशाचा इतिहास आणि दुसऱ्या बाजूला काकूचं आयुष्य, असं मी ठरवूनच टाकलं.

छप्पन्न साली नागपूरला धम्मदीक्षा, तेव्हा पाच वर्षांची काकू वडिलांच्या खांद्यावर. पंच्याहत्तर साली आणीबाणी, त्याच वर्षी शिवरामकाकाशी लग्न. शहात्तरपाशी आलो तेव्हा काकू म्हणाली, "त्या वर्षी मी माहेरी गेलेली गं. माझ्या मागे तुझ्या काकाने ट्रान्झिस्टर आणला. बक्षीस मिळालाय म्हणाला."

"कसलं बक्षीस?"

"कुणास ठाऊक. कधी नीट सांगितलंच नाही त्याने."

शहात्तर साली कसली बक्षिसं वाटत होते, ते मी बॅनरसाठी नुकतंच वाचलं होतं. नसबंदी करून घेणाऱ्यांना कुठे कुठे ट्रान्झिस्टर द्यायचे. काकूला मूल झालं नाही. माझी आई तिला वांझ म्हणायची, आणि काकू ते आयुष्यभर खरं मानत आली.

काका जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून मी कल्याणला जाऊन पप्पांना गाठलं. ऐंशीचे पप्पा आधी चिडले, मग रडले.

"मला दोन मुली होत्या. ऑपरेशन कर, नाहीतर पगार बंद, असं साहेबाने सांगितलेलं. मला मुलगा हवा होता. शिवराम माझ्या नावावर जाऊन आला. नंतर पुन्हा जोडता येतं, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं."

मुलगा काही झाला नाही. दोन वर्षांनी मी झाले.

"माया, आता तिला सांगू नकोस," पप्पा म्हणाले. मला त्यांची दया आली, पण इतकी वर्षं गप्प बसले तेवढं पुरे होतं. मी सरळ काकूकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझ्यात काही खोट नव्हती?"

"नव्हती, काकू."

"मला विचारलं असतं तर मी जाऊ दिलं नसतं त्याला," ती रागाने म्हणाली. मग माझ्याकडे बघून एकदम थांबली, कारण तसं झालं असतं तर मी जन्मालाच आले नसते.

बराच वेळ तिने माझा हात धरून ठेवला. मग तिला रडू फुटलं.

"निदान तुझ्या बारशाला तरी," ती म्हणाली, "पाळण्याला हात लावू द्यायचा होता गं मला."