आठवी फीत

"समुद्रात सोडलेलं नाव वर काढू नये, पोरी. ते एकटं वर येत नाही."

फ्लोरियानो आजोबा हे म्हणाले तेव्हा अंगणभर आलं पसरलं होतं आणि ते एकेका गड्ड्याची माती नखानं खरवडत बसले होते. लेनीराच्या कडेवर सात महिन्यांची अलाना होती, दुसऱ्या हातात कागदांची चळत. तिनं ते हसण्यावारी नेलं. डोंगरातल्या म्हाताऱ्यांकडे अशी वाक्यं ढिगानं असतात. बाळाचे कपडे दिवस मावळल्यावर दोरीवर ठेवू नयेत, लग्नाआधी फोडलेल्या बशांचे तुकडे नवरीनंच झाडावेत, आणि आता हे.

"आजोबा, मी काही वर काढत नाहीये. बोटीची यादी आहे ही. अठराशे त्र्याहत्तरची. लिहिलेलं आहे सगळं."

"लिहिणाऱ्याची आई होती का त्या बोटीवर?"

"नसेल."

"मग त्याला काय ठाऊक. आधी आल्विनाला विचार. पेटी तिच्याकडे आहे."

"विचारते."

तिनं विचारलं नाही. पुढं कित्येक महिने लेनीरा स्वतःला कारणं सांगत राहिली. अलानाची छाती भरली होती, रात्रंदिवस तिचे श्वास मोजावे लागत होते. मेळाव्याला तीनच आठवडे उरले होते. छापखानेवाला घाई करत होता. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण खरं कारण एवढंच होतं की आल्विना आत्याला ही गोष्ट पुस्तकातून कळावी, सगळ्यांसमोर, भेट म्हणून, असं तिला वाटत होतं. कॉलेजात इतिहास शिकलेल्या मुलीला भेट म्हणून काय द्यावंसं वाटेल? कागद.

टेश घराण्याचा मेळावा दर पाच वर्षांनी दरीतल्या चर्चच्या मैदानात भरतो. योहाना आणि फ्रांत्स टेश जर्मनीतल्या पोमेरानियातून बोटीनं ब्राझीलच्या या डोंगरात आले, जंगल तोडून कॉफी लावली, आणि त्यांच्या सात मुलांच्या सात शाखा झाल्या. प्रत्येक शाखेची एका रंगाची फीत. लाल म्हणजे थोरल्या हेर्मानची, हिरवी आल्बर्टची, पिवळी ऑगस्टाची, असं. छातीवरची फीत बघून माणूस ओळखायचा, मग नाव विचारायचं. दोन मेळाव्यांच्या मधे जन्मलेल्या मुलाला पाळण्यातच फीत लावतात. अलानाची हिरवी फीत तर ती पोटात असतानाच आल्विना आत्यानं शिवून ठेवली होती.

आल्विना आत्या पिवळ्या शाखेची. ऑगस्टाची नात. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, मूल नव्हतं, भाऊ आपला कबिला घेऊन जमिनीसाठी दूर रोंदोनियाला गेला तो तिकडचाच झाला. दरीत पिवळं म्हणायला ती एकटीच उरली होती, चौऱ्याऐंशी वर्षांची. लेनीराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचं घर दिसायचं. सकाळी तिच्या धुराड्यातून धूर निघाला की लेनीरा कॉफी ठेवायची. दुपारी मक्याचं पीठ आणि रताळं घालून केळीच्या पानावर भाजलेला पाव, ब्रोट, घेऊन जायची. आत्याकडे तिचा ठरलेला मग होता, तामचिनीचा, निळ्या काठाचा, चुलीशेजारी खिळ्याला टांगलेला.

अलाना झाली तेव्हा पहिले चाळीस दिवस आत्याच येऊन राहिली होती. लेनीरा बाळाच्या नाकाशी सारखा हात धरून बसायची. आत्या म्हणायची, "अगं, बघून बघून तिचा श्वास झिजेल. झोप जरा. मी बघते."

आणि खरंच, आत्या बघत असली की लेनीराला झोप लागायची. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर तिला कधी झोप लागली नाही, एल्मारच्याही नाही. एल्मार तिचा नवरा, गुणी माणूस, पण झोपला की कोंबड्यांची अख्खी शेड पडली तरी उठायचा नाही.

बोटीच्या यादीत लेनीराला सापडलं ते असं. टेश कुटुंबाची दोन वर्षांची ऑगस्टा एकोणिसाव्या दिवशी तापानं मेली होती. तिच्या नावावर काट मारून कडेला तारीख लिहिली होती. त्याच पानावर आणखी खाली एक विधवा, फ्रीडरिके लूह. तीही चार दिवसांनी गेली. तिची मुलगी मिन्ना, वय दोन. मिन्नाच्या नावावर काट नव्हती. पण बोट किनाऱ्याला लागल्यावर वसाहतीच्या दप्तरात मिन्ना लूह कुठंच नव्हती. ऑगस्टा टेश मात्र होती. जिवंत, वय दोन.

म्हणजे दप्तरातली ऑगस्टा ही खरं तर मिन्ना होती. इतक्या वर्षांत हे कुणाला दिसलं नाही. लेनीरा दोन रात्री झोपली नाही, तिसऱ्या दिवशी तिनं वंशवृक्षात ऑगस्टाच्या फांदीला तुटक रेघ दिली आणि खाली लिहिलं, 'मिन्ना लूह, पालककन्या.' मेळाव्यासाठी तिनं आठवा रंग काढला, करडा-निळा. समुद्राचा रंग. लूह नावाची एक बाई समुद्रात गेली, तिचं नाव घेणारं कुणी नव्हतं; आता असेल. पिवळी फीत तिनं मेलेल्या छोट्या ऑगस्टासाठी पानाफुलांच्या चक्राला बांधली. सगळ्यांना आपापली जागा मिळाली, असं तिला मनापासून वाटलं.

मेळाव्याच्या दिवशी ऊन चांगलं होतं. फितींच्या टेबलाशी लेनीराच बसली होती, अलाना मांडीवर. आल्विना आत्या काळ्या झग्यात आली. बायबलमधून तिनं आपली जुनी पिवळी फीत काढली, इस्त्री केलेली.

"ही लावून दे. माझी बोटं वळत नाहीत आता."

"आत्या, या वेळी तुमची वेगळी आहे," लेनीरा म्हणाली आणि करडी-निळी फीत पुढं केली. "बघा तरी."

आत्यानं ती उन्हात धरली. "हा कुणाचा रंग?"

"तुमचा. फक्त तुमचा. पुस्तकात सगळं आहे."

"फक्त माझा," आत्या म्हणाली. "असं का."

तिनं फीत लावून घेतली. पिवळी परत बायबलमध्ये ठेवली. अलाना खोकली आणि लेनीरानं मान खाली घालून तिची छाती चाचपली. लेकराच्या छातीतली बारीकशी घरघर तिला ऐकू यायची. त्याच क्षणी समोरच्या बाईचा चेहरा कसा झाला होता, ते तिनं पाहिलंच नाही. हे तिला नंतर सर्वांत जास्त टोचलं.

जेवणाआधी चर्चच्या पायऱ्यांवर शाखावार फोटो. ध्वनिक्षेपकावरून रंग पुकारला की ती माणसं पायऱ्यांवर उभी राहायची. लाल म्हणजे एकशेचाळीस, पायऱ्या पुरेनात. हिरवे नव्वद, त्यांतला एक काका उगाचच कॉन्सर्टिना वाजवत. असं करत सहा झाले. मग पिवळं चक्र पायरीवर ठेवून त्याचा फोटो निघाला. मग लेनीरानंच ध्वनिक्षेपक घेतला आणि म्हणाली, "आणि आता, पहिल्यांदाच, समुद्राचा रंग."

आल्विना आत्या एकटी चालत गेली. वीस माणसं मावतील अशा पायरीच्या मधोमध उभी राहिली, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

फोटोग्राफर तालुक्याचा, त्याला काय ठाऊक. तो ओरडला, "बाकीचे कुठं आहेत? बोलवा की पटपट."

"एवढीच आहे," आत्या म्हणाली.

कुणीतरी हसलं, नुसतं अवघडून. फ्लोरियानो आजोबांनी टोपी काढली आणि तिच्या आत बघत बसले. फोटो झाला. जेवायला बसल्यावर सूपची ताटली आत्याच्या जागी तशीच निवत राहिली. ती पायीच घरी निघून गेली होती.

संध्याकाळी आवराआवर करताना लेनीरा आजोबांकडे गेली. "त्यांना ठाऊक नव्हतं का? मला वाटलं, आनंद होईल."

"सगळ्यांना ठाऊक होतं," आजोबा म्हणाले. "माझ्या आईला, तुझ्या सख्ख्या आजोबांना. म्हणून तर कुणी बोलत नव्हतं. तुला काय वाटलं, आम्ही अडाणी, म्हणून आम्हाला दिसलं नाही?"

"मग मला सांगायचं होतं."

"सांगितलं की. आलं खरवडत सांगितलं."

दुसऱ्या दिवशी ती ब्रोट घेऊन आत्याकडे गेली. आत्यानं दार उघडलं, या म्हणाली, खुर्ची पुसून दिली. कॉफी केली आणि कपाटातून सोनेरी कडेचा कप काढला, बशीसकट. पाहुण्यांचा. निळ्या काठाचा मग खिळ्यावर होता तिथंच होता. लेनीरानं कप परत बशीत ठेवला.

"आत्या, मी चुकले."

"चुकलं काय त्यात? लिहिलेलं खरंच आहे." आत्यानं कोपऱ्यातली पेटी उघडली, बोटीतून आलेली, लोखंडी पट्ट्यांची. आतून एक लहान लोकरी झगा काढला, खांद्याशी कसर लागलेला. "हा ऑगस्टाचा. त्या पहिल्या ऑगस्टाचा. लेकरू समुद्राला दिलं आणि चार दिवसांनी योहानानं हा झगा शेजारच्या रडणाऱ्या पोरीला घातला. म्हणाली, चल ऑगस्टा, जेवायला. बस, झालं. माझी आजी मला हे सांगायची, हा झगा मांडीवर घेऊन. मरेपर्यंत योहानानं ताटं मांडताना सातच मोजली. कुणी आठ म्हटलं तर पळी उगारायची."

आत्यानं झगा घडी घालून परत पेटीत ठेवला.

"तू आठ मोजलीस," आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सेहेचाळीस दिवसांच्या प्रवासाला शंभर-दीडशे वर्षं झाली. माझी आजी केव्हाच उतरली होती गं. तू तिला परत बोटीवर चढवलंस."

"मी पुस्तक परत छापते. आत्या, मी..."

"आता आत्या कशाला? नातं लागत नाही ना आपलं. आल्विना म्हण." आणि मग, जुन्या सवयीनं, "पोरीचा खोकला कसा आहे?"

पुढच्या रविवारी कळलं की आल्विना आत्या चर्चच्या कबरस्तानात जाऊन राखणदाराला सांगून आली. टेश घराण्याच्या ओळीत, आजीच्या पायाशी, तिची जागा राखलेली होती. ती नको म्हणाली. कुंपणाकडेला, बाहेरून आलेल्यांना देतात तिथली चालेल. राखणदारानं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही, पुस्तक आलंय.

लेनीरानं पुस्तक परत छापलं. सात शाखा, सगळ्या रेघा सलग. पण पहिल्या प्रती केव्हाच गेल्या होत्या, रोंदोनियाला, कुरितिबाला, कुणाच्या कुठल्या कपाटात. त्या कोण परत आणणार? नवी प्रत ती आत्याला द्यायला गेली. आत्यानं ती न उघडता दिव्याखाली ठेवली, दिवा जरा उंच झाला. "बरं झालं," ती म्हणाली, "वात दिसत नव्हती नीट." कॉफी पुन्हा त्याच सोनेरी कपात. लेनीरा तरीही रोज जात राहिली. सात महिने सोनेरी कपातूनच प्यायली. कबरस्तानातली जागा बदलायचा विषय काढला की आत्या हवापाण्यावर बोलायची.

मग अलानाची छाती पुन्हा भरली आणि डॉक्टरांनी सांगितलं, डोंगरातलं धुकं तिला सोसत नाही, वर्षभर तरी व्हितोरियाला समुद्रकाठी राहा. एल्मार कोंबड्यांसाठी मागं राहणार. जायच्या आदल्या सकाळी लेनीरा खिडकीशी उभी होती. आत्याच्या धुराड्यातून धूर निघाला. त्या दिवशी नेहमीपेक्षा उशिरा. तिनं मोजलं होतं, पाऊण तास.

एल्मारला सांगून काय होणार हे तिला ठाऊक होतं. तो हो म्हणेल आणि विसरेल. फ्लोरियानो आजोबांचे गुडघे गेले. ती टेबलाशी बसली आणि नव्या पुस्तकाच्या उरलेल्या प्रती पुढं ओढल्या, टपालानं जायच्या होत्या त्या, कुठं जातील, कोण उघडेल, काही ठाऊक नसलेल्या. एकेका प्रतीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर ती हातानं लिहीत गेली. अलाना पायाशी रांगत होती. प्रत्येक पानावर तेच लिहिलं:

'तुम्ही टेश असा किंवा नसा, कधी या दरीकडे आलात तर चर्चच्या वरच्या वाटेनं जा. आल्याच्या शेतापलीकडे निळ्या खिडक्यांचं घर आहे. तिथं आल्विना राहते, ऑगस्टाची नात, माझी आत्या. तिला आत्याच म्हणा, ती नको म्हणाली तरी. कॉफी ती पाहुण्यांच्या कपातच देईल, घ्या. चुलीशेजारी खिळ्याला निळ्या काठाचा एक मग आहे का, तेवढं बघा, विचारू मात्र नका. पण हे सगळं नंतर. सकाळी जा, आणि आधी लांबूनच धुराडं बघा. सातपर्यंत धूर दिसला नाही तर दार ठोठावत थांबू नका. कडी आतून लागत नाही. ढकला आणि आत जा.'