आईची उसनी नाकं

लहानपणी आमच्या घरी जेवताना ‘छान’ म्हणायला बंदी होती. कोणी चुकून म्हणालंच, तर आई डाव हातात धरून उभी राहायची आणि विचारायची, “छान म्हणजे काय? नीट सांग.” पाहुण्यांना वाटायचं, बाई कौतुकाची फारच भुकेली दिसते. तसं काही नव्हतं. आमच्या आईला वास येत नव्हता.

एका हिवाळ्यात तिला सणकून ताप आला, जोडीला सर्दी. ताप गेला, सर्दीही गेली, पण जाताना आईचं नाक बरोबर घेऊन गेली. म्हणजे नाक होतं जागच्या जागी, चांगलं धारदार होतं, वेळ पडली तर मुरडताही यायचं. फक्त त्यानं काम सोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल, किंवा येणारही नाही. एवढं सांगायला डॉक्टर कशाला हवा, असं आई घरी येऊन म्हणाली. तिच्या जिभेला मीठ कळायचं, साखर कळायची, मिरची झोंबायची. त्यापलीकडे सगळं एकच. डोळे मिटले तर तोंडात कांदा आहे की बटाटा, तेही तिला सांगता यायचं नाही.

“ओला पुठ्ठा चावल्यासारखं वाटतं गं,” असं ती एकदाच मला म्हणाली, आणि लगेच पातेलं घासायला लागली.

मग तिनं आम्हाला कामाला जुंपलं. मी थोरली, त्यामुळे शेवटची चव माझी. माझ्या पाठचा भाऊ उठता-बसता वाद घालायचा म्हणून त्याला सगळे वकील म्हणायचे. त्यानं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून अभ्यास करायचा आणि काही खाली लागायला लागलं की ओरडायचं. धाकटी ठमी. तिच्याकडे दूध. दूध नासलंय का हे बघायला ती अख्खं तोंड पातेल्यात घालायची आणि वर आली की तिला पांढऱ्या मिशा फुटलेल्या असायच्या.

आमचं स्वयंपाकघर इतकं चिंचोळं, की एकानं कपाट उघडलं तर दुसऱ्यानं श्वास आत घ्यायचा. दोन शेगड्यांपैकी एक कायम रुसलेली. संध्याकाळी शाळेचे कपडे बदलले की आम्ही तिघं तिथे गोळा व्हायचो. आई डावातला थेंब फुंकर मारून आमच्या तळहातावर टाकायची आणि सुरू व्हायची उलटतपासणी.

“सांग.”

“कच्चट लागतंय.”

“काय कच्चं? कांदा की मसाला?”

“कांदा.”

“नक्की?”

“कांदा आधी लागतो आणि मग जातच नाही,” वकील स्टुलावरून सांगायचा. “भाजलेला असला की गोड होऊन निघून जातो.”

“हं, हे झालं सांगणं,” आई म्हणायची आणि शेगडी बारीक करायची. ठमीनं एकदा सांगितलं, भोपळा ओल्या भिंतीसारखा लागतो. तू भिंत कधी चाटलीस, असं वकिलानं विचारलं. ती म्हणाली, “रोज.” आई ओट्याला धरून हसली.

त्या वेळेची मला अजून फार आठवण येते. आता माझ्या घरी मोठं स्वयंपाकघर आहे, धूर ओढून नेणारा पंखा आहे, आणि माझी मुलं दुसऱ्या खोलीत. जेवायला हाक मारावी लागते, तीही दोनदा. तेव्हा आम्हाला हाक मारावीच लागली नाही. आम्ही नसलो तर जेवण होणारच नाही, असं आम्हाला वाटायचं, आणि ते खरंच होतं.

हे सगळं गुपित होतं. बाबांपासून सुद्धा. बाबा चष्म्याच्या काचा घासायचे. दुकानाच्या मागच्या बाजूला, दिवसभर पाणी आणि बारीक भुकटी यांच्यात हात. काचेवर केसाएवढा चरा असला तरी त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. पण ताटात काय पडलं, ते त्यांना दिसायचं की नाही, देव जाणे. काहीही वाढा, जेवण झालं की हात धुताना म्हणायचे, “ठीक आहे.” माणूस लाखात एक. फक्त पोटात काही राहायचं नाही. त्यांना सांगितलं की ते आत्याच्या कानावर गेलंच म्हणून समजायचं.

आणि आत्याला कळू द्यायचं नव्हतं. आत्या बाबांची थोरली बहीण. तिनंच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. एका मोठ्या कचेरीचं कॅन्टीन ती चालवायची. अख्खी इमारत तिच्या हातचं जेवायची. आवाज असा, की ती जिन्यात आली की आम्ही पुस्तकं उघडायचो. आईबाबांच्या लग्नापासून तिचं एकच पालुपद: “तू कशाला मरमर मरतेस? मी डबा पाठवते ना. एवढ्या माणसांत तुमची पाच ताटं म्हणजे काय जड आहे?” ती मनापासून म्हणायची, म्हणून तर जास्त भीती.

“ताईंना कळलं ना, की दुसऱ्या दिवशी डबा दारात,” आई आम्हाला बजावायची. “आणि मग मी या घरात करायचं काय?”

आम्ही तोंडाला कुलूप लावलं. उन्हाळा आला, गेला. बाबांना पत्ता नाही. आत्या दोनदा जेवून गेली, तिलाही पत्ता नाही.

मग ठमीनं शाळेतून सर्दी आणली आणि आम्हा दोघांना प्रामाणिकपणे वाटली. नेमक्या त्याच रविवारी आत्याला दुपारचं जेवायला बोलावलेलं. बाबा तिला आणायला बसथांब्यावर गेले होते. बटाट्याचा रस्सा शिजत आला तेव्हा आईनं सवयीनं आमच्या हातावर थेंब टाकले.

“गरम आहे,” मी म्हणाले.

“ओलं आहे,” वकील म्हणाला.

“बाझं दाक बंद आहे,” ठमी म्हणाली.

आईनं एकेकाच्या लाल नाकाकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. “चला, आज सगळेच माझ्यासारखे झालात,” ती म्हणाली. “एक दिवस हाताच्या अंदाजानं करू.” शेगडी बारीक करून ती आमच्याबरोबर जमिनीवरच बसली. आम्ही काकड्या सोलत होतो. ठमी नाकातल्या आवाजात वर्गातल्या बाईंची नक्कल करत होती, आणि आई इतकी मोकळी हसत होती, की असं तिला मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. तिला पहिल्यांदाच बरोबरीची माणसं मिळाली होती.

आमच्या पाठीमागे रस्सा करपत होता. वर जे दिसत होतं ती वाफ आहे, असं आम्ही धरून चाललो होतो. खोलीत चार माणसं, आणि धड नाक एकाला नाही.

दार उघडलं. बाबा आणि आत्या उंबऱ्यातच थबकले. आत्यानं पदर नाकाला लावला.

“अगं बाई! काय जळतंय?”

“कुठे काय?” आई हसत म्हणाली.

तिथेच घात झाला. आत्या आम्हाला ओलांडून आत शिरली, शेगडी बंद केली, पातेल्यात डाव घालून पाहिला. “खाली नुसता कोळसा झालाय. आणि तुम्ही चौघं इथेच बसलाय? बाहेर जिन्यापर्यंत वास येतोय!”

मी आणि वकील काकड्यांवर वाकलो. ठमीला मात्र विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची सवय होती. “आमची नाकं आज बंद आहेत,” ती म्हणाली. “आईचं तर हिवाळ्यापासूनच बंद आहे.”

बिंग फुटलं. बाबा आईकडे बघत राहिले. “हिवाळ्यापासून? आणि मला कळलं कसं नाही?”

आई काकडीच्या साली गोळा करायला लागली.

आत्यानं वरचा रस्सा दुसऱ्या पातेल्यात अलगद ओतून घेतला, आम्हाला जेवायला घातलं आणि हात धुऊन निकाल दिला. “उद्यापासून डबा. हे बघ, मी तुला नावं ठेवत नाही. पण घरात लहान पोरं आहेत. आज रस्सा जळला, उद्या गॅस सुटला आणि तुला कळलाच नाही, तर?”

आई म्हणाली, “बरं, ताई.” एरवी आत्याशी प्रत्येक गोष्टीवर दोन वाक्यं तरी बोलणारी आई, त्या दिवशी एवढंच बोलली. मला तिचा राग आला. आत्याचाही आला, पण तिचा राग करून भागण्यासारखं नव्हतं, कारण तिचं बरोबर होतं.

सोमवारी डबा आला. खोटं कशाला बोलू, जेवण झकास होतं. आम्ही फितूर कार्टी त्यावर तुटून पडलो. कसं लागतंय ते विचारायला कोणी नव्हतं, म्हणून बोलायचंही कारण नव्हतं. बशांचा आवाज तेवढा. संध्याकाळी आम्ही सवयीनं स्वयंपाकघरात गेलो, तर ओटा कोरडा आणि स्वच्छ. आई बाहेरच्या खोलीत धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

“काय हवंय रे?” तिनं विचारलं.

“काही नाही,” वकील म्हणाला. त्याला वाद घालायलाही काही सापडलं नाही.

पहिल्या दिवशी आईनं अर्धं ताट ठेवलं. मग दोन-चार घास. मग नुसता भात चिवडून उठायला लागली. भूक नाही म्हणायची. गाल आत गेले, परकर घट्ट आवळून बांधायला लागली. आणि चमत्कार असा, की हे बाबांच्या नजरेला पडलं. ताटात काय आहे ते कधी न बघणारा माणूस ताटात काय उरलंय ते बघायला लागला.

एके दिवशी दुकानात मी त्यांना चहा द्यायला गेले, तर काच घासायचं चाक थांबवून त्यांनी विचारलं, “आई आधी जेवायची का गं नीट?”

“जेवायची की.”

“तेव्हाही चव नव्हतीच ना?”

“नव्हती. पण आम्ही सांगायचो ना, कसं लागतंय. ते ऐकत ऐकत ती जेवायची.”

बोलून गेले आणि मग माझं मलाच कळलं, की हे असं होतं. इतके दिवस मला वाटत होतं, आम्ही तिला स्वयंपाकात मदत करतोय. बाबांनी हातातली काच फडक्यावर ठेवली. चहा तसाच गार झाला.

त्या संध्याकाळी ताटं वाढून झाली, आणि बाबा खाकरले.

“हा रस्सा,” ते म्हणाले, आणि थांबले. आम्ही मान वर करून पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम. “हा रस्सा आधी काहीच लागत नाही. मग मागून येतो.”

“मागून म्हणजे कुठून?” वकिलानं विचारलं.

“घशाच्या जरा अलीकडून. मिरी असावी. झोंबत नाही, नुसती ऊब येते.”

आईचा हात ताटातच थांबला होता. तिनं पावाचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, तोंडात घातला आणि चावत चावत बाबांकडे बघत राहिली.

“आणि?” ती म्हणाली.

“आणि टोमॅटो आहे. आंबट आहे, पण भांडत नाही.”

“कोणाशी?”

“बटाट्याशी. बटाटा जुना असावा, गोडसर लागतोय.”

आईनं दुसरा घास घेतला. बाबा घामाघूम, पण मागे हटले नाहीत. भाताला नवा वास आहे, कोबीला शेवटी कडवट टोक आहे, असं एकेक शोधून शोधून सांगत राहिले. चुकीचंही बरंच होतं. आम्हा तिघांना दुरुस्त करायची इतकी हुक्की येत होती, पण मी ठमीच्या मांडीवर हात दाबून धरला होता. आईनं ताट पुसून घेतलं.

मग ती म्हणाली, “बहिणीच्या रश्श्यावर एवढं बोलता येतं होय? माझ्या रश्श्याला इतकी वर्षं तोंड उघडलं नाही ते?”

बाबांना तोंडात मारल्यासारखं झालं.

“तू कर,” ते म्हणाले. “मी बोलेन.”

“आणि गॅस?”

“मी संध्याकाळी लवकर येत जाईन. सकाळी मी घरात असतोच. माझं नाक चांगलं आहे.”

“आणि तुमच्या ताईंना कोण सांगणार?”

बाबांनी आत्याला उभ्या आयुष्यात ‘नको’ म्हटलेलं नव्हतं. ते उठले, हात धुतले, पुसलेले हात पुन्हा पुसले आणि फोनपाशी गेले. आम्ही तिघं दाराआड.

“ताई, उद्यापासून डबा नको,” ते म्हणाले. पलीकडून आत्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. “नाही गं, चव चांगली आहे. नाही, कोणाची काही तक्रार नाही. हो, गॅसचं मी बघतो. अगं ताई, ऐक तरी.” मग त्यांचा आवाज एकदम बसला. “ती उपाशी राहते, ताई. आमच्या घरात ती उपाशी राहते.”

आत्या गप्प बसल्याचं मी आयुष्यात तेव्हाच ऐकलं. नंतर ती हळू काहीतरी बोलत राहिली, आणि बाबा नुसते हो, हो म्हणत राहिले.

मी मागे वळून पाहिलं. आई स्वयंपाकघरात गेली होती. आमच्याकडे पाठ करून ती टोपलीतले कांदे काढून ओट्यावर ठेवत होती, एकामागून एक, आमच्या घराला लागतील त्याहून कितीतरी जास्त, राहून गेलेल्या सगळ्या दिवसांचा स्वयंपाक उद्याच करायचा असल्यासारखे.