अकरा वेळा विचारलेला प्रश्न

घाटंजीच्या शब्बीर मिस्त्रींची कहकशां यवतमाळच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडातून नागपूरच्या कौन्सिलात निवडून गेलेली आणि पुढे कुणाच्या लक्षात न राहिलेली माणसं, हा तिचा तीस वर्षांचा नाद; त्यांच्यावर ती पुस्तक लिहीत होती. त्यात बोरी अरबचे गुणवंतराव तिचे विशेष लाडके. पण त्यांच्या स्मृतिदिनाला भाषणाचं बोलावणं आलं आणि ती अवघडली. गावात सगळे सांगायचे, गुणवंतराव सत्याग्रहात जेलात गेले होते. जुने कागद सांगत होते, ते कधीच गेले नव्हते.

आदल्या दिवशीच ती त्यांच्या नातीकडे, विमलताईंकडे पोचली. अठ्ठ्याहत्तरीच्या विमलताई अंगणात तूर पाखडत होत्या. कहकशांनं एका दमात सांगून टाकलं.

सूप थांबलं. "मंग आबाजीनं केलं तरी काय?"

"एकच प्रश्न विचारला. तीन वर्षांत अकरा वेळा. बोरीच्या दवाखान्यात शिकलेली दाई कधी नेमणार? दुसऱ्या कशावर तोंड उघडलं नाही. बाकीचे मेंबर हसायचे. काहून एवढे मागे लागले, ते मलाही आजवर कळलं नाही."

"त्यात काय कळाचं हाय? पयली बायको बाळंतपणात गेली त्यायची. गोदाआजी. दोन दिवस अडली होती. माही आजी मागून आली."

"हे कुठंच लिहिलेलं नाही, ताई."

"बायकाचं कोण लिहीन?" विमलताईंनी पुन्हा सूप उचललं. "भेटली का मंग दाई?"

"चौथ्या वर्षी."

"मंग उद्या हेच सांग."

दुसऱ्या दिवशी भाषणात कहकशांनं जेलची गोष्ट खोटी असल्याचं सांगितलं तशी मंडपात कुजबूज सुरू झाली. पुढच्या रांगेतल्या विमलताई मागं वळल्या. "पोरीचं आयकून तं घ्या," एवढंच म्हणाल्या. गोदाआजीचं नाव आलं तेव्हा मागच्या बाया पुढं सरकून ऐकू लागल्या. एकीनं पदर डोळ्याला लावला.

जेवताना विमलताईंनी तिच्या ताटात आणखी एक भाकर टाकली. "तुह्या पुस्तकात गोदाआजीचं नाव येईन का?"

"येणार. माहेर कुठलं त्यांचं?"

"दारव्ह्याचं असन. थांब, माह्या मोठ्या बहिणीले फोन लावतो."

कहकशांनं डाव्या हातानं पिशवीतून वही काढली.