हळू ओता, बाबा

तीस वर्षं टँकर हाकलेल्या माणसाला घरी बसवत नाही. म्हणून निवृत्तीनंतर बाप लेकीच्या प्रयोगशाळेत लुडबुडायचा. डबे उचल, फरशी पूस, तिला वेळेवर जेवायला बसव. लेक डिझेलमध्ये एक पॉलिमर मिसळायची. त्याचे रेणू धाग्यासारखे लांबलचक. त्यांच्यामुळे अपघातात इंधन उडालं तरी बारीक तुषार होत नाहीत, मोठे थेंब पडतात आणि भडका उडत नाही. भडका काय असतो ते बापाने वीस वर्षांपूर्वी टँकर उलटून पेटला तेव्हा भोगलं होतं. मानेपासून डाव्या हातापर्यंत कातडी अजून आवळलेली होती.

आज साहेब लोक चाचणी बघणार होते. जमलं तर काम पुढे, नाही तर प्रयोगशाळेला टाळं. लेकीला ओझं नको म्हणून बापाने ती यायच्या आतच पॉलिमर मिसळलेलं इंधन डब्यांतून पंपाने चाचणीच्या टाकीत चढवलं आणि स्वतःवरच खूश झाला.

साहेबांच्या आधी तिने एकदा करून पाहिलं. जोराच्या हवेत इंधनाची धार सुटली, पुढे ज्योत होती. भक्कन आगीचा लोळ उठला.

"बाबा, टाकी कशी भरलीत?"

"पंपाने."

"पंपात त्या धाग्यांचा तुटून भुगा होतो, बाबा." हे इथे सगळ्यांना पाठ होतं. बापालाच कुणी सांगितलं नव्हतं.

"माझ्यामुळे सगळं बुडालं गं!" त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"एक डबा शिल्लक आहे." तिने टाकी रिकामी केली. "हा तुम्हीच ओता."

"मी? एवढा गोंधळ घातला तो पुरला नाही का?"

"तुम्ही भरला टँकर घाटातून उतरवलात तरी शेजारी बसलेल्याची झोप मोडायची नाही, आई सांगते. हळू ओता, बाबा."

त्याने टाकीच्या कडेने बारीक धार धरली. हाताला पेटके आले, पण धार तुटू दिली नाही.

साहेब आले. हवा सुटली. टपोरे थेंब पडले, ज्योत त्यांच्यावर जरा लपलपली आणि विझली. साहेबांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा विझली.

टाळ्या वाजल्या. बाप कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून लहान मुलासारखा रडत होता.

"बाबा, जमलं ना!"

"जमलं गं. टँकर पेटला तेव्हा तुझा काका माझ्या शेजारीच बसला होता."

वीस वर्षांत त्याने भावाचा विषय कधी काढला नव्हता. लेकीने साहेबांना थोडं थांबायला सांगितलं आणि ती बापापाशी जाऊन बसली.