अधिक वाचा

डोळ्यांच्या दवाखान्याच्या वेबसाइटचा मजकूर सुटसुटीत करायचं काम हातात पडलं, तेव्हा तिने कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाईंनी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या सूचनांचं नुसतं चऱ्हाट लावलं होतं. आता एवढं वाचणार कोण? काटछाटीत तर तिचा हातखंडा. डोळा चोळू नका, थेंब वेळेवर घाला, चार दिवस विचित्र दिसलं तर घाबरू नका. एवढं वर ठेवून बाकी सगळं तिने 'अधिक वाचा' या बटणाखाली सारलं.

"अहो, वीज चमकल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा," बाई म्हणाल्या. "ते तरी वर असू द्या."

"आहे ना बटणाखाली. दाबतात हो लोक."

तिच्या कंपनीच्या साहेबांनीही तिचीच री ओढली. मजकूर तसाच वेबसाइटवर चढला.

पुढे तिच्याच वडिलांचं तिथे ऑपरेशन झालं. बाबांना कोण कौतुक! भेटेल त्याच्यापुढे फोन धरायचे, "आमच्या लेकीने लिहिलंय." मग एका संध्याकाळी त्यांच्या त्या डोळ्यापुढे वीज चमकायला लागली. लेकीला कामात कशाला त्रास, म्हणून त्यांनी तिचं पान उघडलं आणि ओळ न् ओळ वाचली. घाबरू नका म्हटलं होतं. नाही घाबरले. रविवारी ती भेटायला गेली आणि त्यांना तशीच उचलून दवाखान्यात घेऊन गेली, पण डोळ्याचा पडदा कधीच सुटला होता. बाईंनी शर्थ केली. डोळा गेला तो गेलाच.

बाई तिला एका शब्दाने बोलल्या नाहीत. चार शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं.

"बाबा, खाली बटण होतं," खाटेशी बसून ती म्हणाली. "ते का नाही दाबलंत?"

"वा गं वा! फोन घेऊन दिलास तेव्हा तूच दटावलंस ना? दिसेल ते बटण दाबू नका, नसती बला मागे लागेल. तेव्हापासून बटणाला हात लावत नाही मी."

ती हमसाहमशी रडायला लागली. बाबांनी तिचा हात धरायला हात पुढे केला, तो अंदाज चुकून पाण्याच्या पेल्यावर पडला. पेला लवंडला.

"रडतेस काय, वेडे? लिहितेस मात्र झकास हो. एवढं वाचलं, पण कुठे म्हणून अडलो नाही."