सरकारी साडी

पवनीतल्या विणकरांच्या मोहल्ल्यात त्या आठवड्यात एक गंमतच झाली. अंत्योदय कार्डावर सरकारची फुकट साडी आली. कार्डामागे एक, आणि साऱ्या एकाच जांभळ्या रंगाच्या. नळावर, चक्कीवर, देवळात, पाहावं तिकडे जांभळं! पाठीमागून सत्यभामाबाई कोणती आणि बेबीबाई कोणती, ओळखायची सोय उरली नाही.

सुमित्राबाईची साडी तेवढी तांदळाच्या कोठीत पडून होती. कारण घरात तिचा नवरा सेवकराम होता. त्याचा सारा जन्म मागावर गेलेला. रेशमी साडी विणावी तर त्यानंच. पण रेशीम व्यापाऱ्याचं, तयार साडीही व्यापाऱ्याची, याच्या हाती नुसती मजुरी. तरी ऐट अशी की नाकावर माशी बसू देणार नाही. विणकराच्या बायकोनं फुकटची साडी नेसली, तर त्याला किती लागेल, याची तिला धास्ती होती. पण जीव त्या साडीत अडकला होता, हेही खरं. आज तिच्या बहिणीच्या, कलाबाईच्या नातवाचं बारसं. चारचौघींत जायचं, आणि ठेवणीतलं लुगडंही फाटलेलं, दंड घालून शिवलेलं.

तेच जुनं लुगडं नेसून ती निघाली, तसा मागावरून आवाज आला.

"नवी कुठी हाय?"

"कोणती नवी?"

"सारा मोहल्ला जांभळा होऊन राहिला. मले डोळे नाईत का?"

मुकाट्यानं तिनं कोठीतून साडी काढली. सेवकरामनं पदर दोन बोटांत चोळून पाहिला.

"मशीनची हाय."

एवढंच म्हणाला तो, पण सुमित्राबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"असू द्या मशीनची. माह्या नावाची तं हाय! तुमच्या हातची एक तरी चढली का माह्या आंगावर? साऱ्या गेल्या दुसऱ्याईच्या घरी."

बोलून गेली आणि जीभ चावली. बिचाऱ्यानं काय मुद्दाम केलं होतं? विणलेली साडी घरात ठेवायची म्हणजे महिनाभर चूल बंद. माग थांबला तो थांबलाच.

आत जाऊन तिनं साडी नेसायला घेतली. कापड गुळगुळीत, निऱ्या धरल्या की सुटत. दारात पावलं वाजली. सेवकराम आला, गुडघे धरत तिच्या पायाशी बसला आणि एकेक निरी जुळवू लागला.

"अवो, उठा! पायाशी काय बसता? पाप लागन मले."

"लागू दे. हालू नको."

निऱ्या बसल्या. तो भिंतीला धरून उठला, मागे सरकला आणि तिच्याकडे बघत राहिला.

"जनम गेला इणण्यात," तो हळूच म्हणाला, "पण इथून घडी करून गेलेली साडी बाईच्या आंगावर कशी दिसते, हे कधी पाहालेच नाई भेटलं. फिर बरं जराशी. पाहू दे."

बारशाला उशीर होत होता. दारातून कोणी पाहिलं तर मोहल्लाभर हसू होणार होतं. तरी सुमित्राबाई लाजत, पदर सावरत, त्याच्यासमोर सावकाश गोल फिरली.